वारसा यादीत घर क्रमांक सतरा

२१ ऑक्टोबर २००७, रविवार. सकाळी ६

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

वारसा-भवनात गाईड म्हणून रुजू होऊन तीन आठवडे झाले. घरात पदवी मिळवलेली मी पहिली. बाबांना सही येत नाही, आईला येते पण ती कधी करायची वेळ आली नाही. भाऊ रबीआ पोलिसात आहे, तो फक्त गाड्यांचे नंबर लिहितो. तेव्हा जबाबदारी माझ्यावर आहे.

संकल्प पहिला. दुबईचा खरा इतिहास लिहायचा. चारशे पानं. मोती, खाडी, तेल, या क्रमाने. मॉल एकही नाही.

संकल्प दुसरा. आमचं घर वाचवायचं. आमची फरीज सिद्रा ही सगळी वस्ती पाडून तिथे हॉटेल करायचं ठरलंय. बदल्यात शहराबाहेर, वाळवंटाच्या अंगाला नवी वसाहत. तीस नोव्हेंबरच्या आत सही देणाऱ्यांना ओळीने शेजारी-शेजारी घरं मिळणार, मागाहून येणाऱ्यांना उरेल ते. सगळी आळी सही करायला निघालीय. मी बाबांना थांबवलं. घर वारसा यादीत गेलं की त्याला कुणी हात लावू शकत नाही, हे समजावून सांगितलं. बाबांनी विचारलं, यादी कुणाकडे असते. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात. बाबा म्हणाले, मग ठीक.

यादी आमच्या ऑफिसात नसते. दुसऱ्या इमारतीत असते. पण विभाग एकच.

२४ ऑक्टोबर, बुधवार

जहाजातून उतरलेले चौदा जर्मन. मी मोत्यांवर पन्नास मिनिटं बोलले. पाणबुडे नाकाला चिमटा कसा लावत, पायाला दगड बांधून कसे खाली जात, जपान्यांनी मोती पिकवायला सुरुवात केल्यावर आमचा बाजार कसा बसला. एकही तारीख चुकली नाही.

प्रश्न तीन आले. स्वच्छतागृह कुठे आहे. तो उंच मनोरा इथून दिसतो का. या काळ्या कपड्यांत उकडत नाही का. उत्तरं दिली: डावीकडे, दिसतो, उकडतं.

एक वयस्कर गृहस्थ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. बायकोने खांद्याला हलवलं तेव्हा दचकले. इतके रंगले होते.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर, मच्छीभात खाऊन झाल्यावर, बाबांची मुलाखत घेतली. पुस्तकाचा पाया. टेपरेकॉर्डर ऑफिसचा. विचारलं, तुमच्या लहानपणापासून आजवर या शहराची अर्थव्यवस्था कशी बदलली, सविस्तर सांगा.

बाबा म्हणाले, "मोती संपले. मग आम्ही उपाशी होतो. मग नव्हतो."

खाडीतला गाळ काढून ती खोल केली तेव्हा बाबा टोपल्या वाहत होते. त्याबद्दल विचारलं. म्हणाले, टोपली जड असायची. मग त्यांना झोप आली.

टेप भरली एक मिनिट दहा सेकंद. पहिला भाग यावर उभा राहील. वाढवून साधारण एकशेवीस पानं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज पूर्ण. सव्वीस पानं आणि नकाशा.

अडचण एवढीच की यादीत जाण्यासाठी घर प्रवाळाच्या दगडाचं लागतं, छपरावर वाऱ्याचा बुरूज लागतो. आमचं घर सरकारने १९७४ साली बांधून दिलेलं, सिमेंटच्या विटांचं. बुरूज नाही. खिडकीत एसी आहे, तो ट्रॅक्टरसारखा वाजतो. मी अर्जात असं मांडलं की हवा घरात आणायची जी परंपरा बुरुजाने सुरू झाली तीच हा एसी पुढे चालवतो. हा मुद्दा आजवर कुणी मांडलेला नसावा.

हेसाबाई, आमच्या प्रमुख, यांनी पहिलं पान वाचलं. म्हणाल्या, मौझा, हे सिमेंट आहे. मी म्हटलं, हो, पण पहिल्या पिढीचं सिमेंट. त्यांनी अर्ज मिटला. मग म्हणाल्या, पाठवते, इन्शाल्ला. निघताना पुन्हा म्हणाल्या, इन्शाल्ला.

जेवताना घरी सांगितलं. रबीआ म्हणाला, प्रोफेसरबाई, इन्शाल्ला एकदा म्हणजे बघू, दोनदा म्हणजे घरी जा. तो पोलिसात असल्यामुळे त्याला सगळीकडे संशयच दिसतो.

८ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या आणि उम्म घानिमच्या घराच्या मधल्या भिंतीत एक बुटकं दार आहे. बायकांना रस्त्यावर न जाता ये-जा करता यावी म्हणून. गेली तेहतीस वर्षं उम्म घानिम त्यातून वाकून येते आणि दर वेळी तिचं डोकं आपटतं. आजही आपटलं. तिच्या घरची सही काल झाली. आईला म्हणाली, तुम्हीही करून टाका, आपण ओळीत येऊ, नव्या भिंतीतही दार पाडून घेऊ, या वेळी जरा उंच.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दोघींना वारसा यादी म्हणजे काय ते अर्धा तास सांगितलं. नियम, वर्गवारी, परदेशातली उदाहरणं. उम्म घानिमने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरी, तुझ्या त्या यादीत शेजारी येतात का?"

मी म्हटलं, अमूर्त वारसा असा एक वेगळा विभाग आहे, त्यात विचार होऊ शकतो. उम्म घानिम कालवणाचं आणलेलं भांडं घेऊन गेली. आई संध्याकाळपर्यंत बोलली नाही. विचार करत असणार. प्रबोधनाला वेळ लागतो.

१४ नोव्हेंबर, बुधवार

फार चांगला दिवस.

सरकारी खात्यांतल्या तरुण अधिकाऱ्यांसाठी आमच्याकडे प्रशिक्षण होतं. विषय, आपल्या चालीरीती. गहव्याचा, म्हणजे आपल्या अरबी कॉफीचा, तास हेसाबाईंनी मला दिला. अकरा अधिकारी, त्यातले दहा मोबाईलमध्ये. एक मात्र वहीत लिहून घेत होता. नाव सुहैल. मेलबर्नला शिकून आलाय, घरी मशीनची कॉफी पितो. कप कुठल्या हाताने घ्यायचा हेही त्याला माहीत नव्हतं.

मी पहिल्यापासून शिकवलं. कप उजव्या हातात. पुरे झालं की कप हलवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. आणि जी रीत आता मोडत चाललीय तीही सांगितली. काही मागायला आलेला पाहुणा गहवा हातात घेतो, पण पीत नाही. कप समोर जमिनीवर ठेवून गप्प बसतो. यजमानाने काय ते समजायचं आणि म्हणायचं, गहवा पी, तुझं काम झालं. काम कुठलं, ते नंतर विचारायचं.

सुहैलने विचारलं, आणि काम कळल्यावर यजमानाने शब्द फिरवला तर? मी म्हटलं, असा यजमान या किनाऱ्यावर झालेला मी ऐकला नाही. त्याने त्याखाली रेघ ओढली. मग विचारलं, आजची म्हातारी माणसं हे पाळतात का? मी म्हटलं, इतरांचं माहीत नाही, माझे बाबा पाळतात.

तो नगररचना खात्यात आहे. म्हणजे आमची फाइल त्याच्याच टेबलावरून जाणार. अशा माणसाच्या हातात आपलं घर आहे हा योगच म्हणायचा. तासाच्या शेवटी त्याला दहापैकी दहा दिले.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

पुस्तकाबद्दल हेसाबाईंशी बोलले. चारशे पानं विभागाला परवडणार नाहीत. चाळीस पानांची पुस्तिका चालेल का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, घडीचं एक पत्रक कर, आणि त्यात बर्फावरून घसरायचा तो मॉल घाल, लोक तेच विचारतात. वाळवंटातला कृत्रिम बर्फ म्हणजे इतिहास नव्हे, असं मी स्पष्ट सांगणार होते. त्यांचा फोन वाजला.

मॉल घातला. शेवटच्या घडीवर, लहान अक्षरात. मोत्यांना चार ओळी राहिल्या. नेमकं लिहायची ही चांगली सवय होईल.

संकल्प: पहाटेच्या नमाजानंतर न झोपता रोज दोन तास पुस्तक.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

झोपले. शुक्रवार होता.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

सह्यांचा शेवटचा दिवस. आळीतली चोवीस घरं झाली, आमचं राहिलं. मशिदीबाहेर लोक बाबांना भेटून जात होते, कुणी दूरच्या प्रवासाला निघालेल्याला भेटावं तसे. जाणार ते, आणि निरोप बाबांना.

रबीआने दुपारी गाडी दारात आणून ठेवली. म्हणाला, शेवटचा दिवस म्हणून आज सुट्टीतही सह्यांची खिडकी उघडी आहे, अजून दोन तास, चला. मग मला म्हणाला, "तुझी पदवी भिंतीला टेकवून ठेवणारेस का, बुलडोझर आला की?" वादाने कामं होत नाहीत.

बाबांनी एकदाच विचारलं. नक्की ना, पोरी? मी सांगितलं, नकार आलेला नाही. हे खरं आहे. उत्तरच आलेलं नाही.

बाबांनी रबीआला गाडी आत लावायला सांगितली. गाडीत मच्छीबाजारातून आणलेला हमूर तसाच होता. आईने त्याचे दोन भाग केले आणि एक नेहमीप्रमाणे भिंतीतल्या दारातून पलीकडे दिला.

मला आतून काहीच वाटत नव्हतं. स्थिर मन हे निश्चयाचं लक्षण आहे.

११ डिसेंबर, मंगळवार. दुपारी १

सुहैलचा फोन. गुरुवारी संध्याकाळी घरी येऊ का, तुझ्या वडिलांना भेटायचंय, म्हणाला. कशासाठी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अशा बातम्या समक्षच देतात.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, सरकारी माणूस गोड बातमी द्यायला घरी येत नाही, पत्र पाठवतो. मी म्हटलं, हा तसला नाही, माझा विद्यार्थी आहे.

१२ डिसेंबर, बुधवार

बैठकीच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या. एसी आतून पुसला. पोपटाचं पीस निघालं. आमच्याकडे पोपट कधीच नव्हता. अर्जाला जोडायला हवं होतं.

बाबांना दोन मुद्दे पाठ करून घेतले: खाडीचं काम, आणि घराचं साल. ते टोपली जड असायची एवढंच म्हणतात. चालेल. साधेपणाचाही परिणाम होतो.

१३ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७

जसं झालं तसं लिहिते.

सुहैल वेळेवर आला. पांढरी इस्त्रीची पायघोळ कंदुरा, ऊदाचा वास, चपला दाराबाहेर. बाबांनी त्याची खुशाली विचारली, वडिलांची, काकांची, उंटांची. त्याच्या घरी उंट नाहीत, पण त्याने सगळे मजेत आहेत म्हणून सांगितलं. आई आणि मी आतल्या दाराआड उभ्या. आईने माझं कोपर धरलेलं.

बाबांनी स्वतः गहवा ओतला. सुहैलने कप उजव्या हातात घेतला. मी आईला कोपराने खुणावलं. मग त्याने कप जमिनीवर ठेवला. अगदी समोर, हात मांडीवर, नजर खाली. मी शिकवलं होतं त्यापेक्षाही नीट.

बाबांच्या हातातली किटली तशीच राहिली. त्या खोलीत कित्येक वर्षांत कुणी कप खाली ठेवला नव्हता. हल्ली येणारे लोक गहवा संपवून फोन काढतात. बाबांची पाठ ताठ झाली. इतक्या ताठ पाठीने बसलेले बाबा मी लहानपणानंतर पाहिले नव्हते.

बाबा म्हणाले, "गहवा पी, बाळ. ज्या कामाला आलास ते झालं."

सुहैल प्यायला. कप हलवला. मग फोल्डरमधून कागद काढला. बाबांना वाचता येत नाही हे मी तासाला सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं, म्हणून त्याने मोठ्याने, सावकाश वाचून दाखवलं. घर क्रमांक सतरा राजीखुशीने सोडत असल्याची संमती. चोवीस झाले, एवढं एकच राहिलंय, त्यामुळे काम अडलंय, हेही सांगितलं. आवाज नम्र होता.

आईने माझं कोपर सोडलं.

मी आत जाऊन बोलायला हवं होतं. सव्वीस पानं पाठ होती. पण यजमानाचा शब्द गेल्यावर घरच्यांनी मध्ये बोलायचं नसतं. हेही मी त्या तासाला शिकवलं होतं.

बाबांनी शाईचा डबा मागितला नाही, नुसता अंगठा पुढे केला. शाई सुहैलने आणली होती.

जाताना सुहैल दाराशी थांबला. मला म्हणाला, "ताई, तुमचा तास फार उपयोगी पडला. आमच्या खात्यात सगळ्यांनाच द्यायला हवा." मी म्हटलं, रीतसर पत्र पाठवा.

१४ डिसेंबर, शुक्रवार

रबीआ ओरडला. कागदाला आव्हान देता येतं, मी वकील बघतो, म्हणाला. बाबांनी त्याला हाताने बसायला सांगितलं आणि म्हणाले, कागदाचं मला काय सांगतोस, कागद मला वाचता येत नाही, मी शब्द दिलाय. मग म्हणाले, मुलगा चांगल्या घरातला आहे, हल्ली कोण एवढं पाळतं. ते खरोखर खूश होते. निदान तसे दिसत होते.

मला कुणी काही बोललं नाही. समजूतदार कुटुंब आहे.

सुट्टी असूनही ऑफिसात जाऊन आले. अर्जाची फाइल हेसाबाईंच्या कपाटात सापडली. पुढे पाठवण्यासाठी मी लावलेली चिठ्ठी वरती तशीच. म्हणजे नकार अजूनही आलेला नाही.

९ जानेवारी २००८, बुधवार

हललो. नवी वसाहत मोठी आहे. रस्ते रुंद आहेत. उम्म घानिम आणि आळीतले बाकीचे तेवीस जण ओळीने पहिल्या भागात. आम्ही सहाव्यात. मध्ये वाळू आणि एक बांधायची राहिलेली शाळा. आई मोटार चालवत नाही, उम्म घानिमही नाही.

निघताना आईने ते बुटकं दार पुसलं. पलीकडे कुणी नव्हतं, तरी कडी लावली.

माझी खोली आता मोठी आहे. पुस्तकाला वेगळं टेबल. पहिलं पान कोरं ठेवलंय, अर्पणपत्रिकेसाठी.

६ फेब्रुवारी, बुधवार

नगररचनेकडून वारसा-भवनाला पत्र: हॉटेलच्या दारात जागेचा इतिहास सांगणारा फलक लावायचाय, मजकूर मौझा बिन्त खमीस यांच्याकडूनच हवा. सुहैलने नाव घालून मागितलंय. मर्यादा चाळीस शब्द.

आठ दिवस लिहिलं. चाळीस शब्दांत मोती, खाडी, तेल, सरकारी घरं, भिंतीतली दारं, सगळं बसवलं. आज दुरुस्त होऊन परत आलं. आता असं आहे: 'जुन्या वस्तीच्या जागी, परंपरेच्या कुशीत, आपलं स्वागत.' खाली न्याहारीची वेळ.

'जुन्या वस्तीच्या' हे दोन शब्द माझे आहेत. माझं पहिलं छापील लेखन. हेसाबाईंनी अभिनंदन केलं आणि मला फलक-लेखन विभागात कायम केलं. टूर आता दुसरी मुलगी घेते. ती बर्फापासून सुरुवात करते, लोक टाळ्या वाजवतात.

घरी सांगितलं. आई म्हणाली, बरं झालं. ती टोमॅटो चिरत होती. बराच वेळ एकच टोमॅटो चिरत होती.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६

बाबा जुम्म्याच्या नमाजाला गेले ते तीन वाजले तरी आले नाहीत. मी म्हटलं, नव्या लोकांत मिसळत असतील, चांगलंच आहे. रबीआ गाडी घेऊन निघाला.

इथली घरं सगळी एका साच्याची. वाळूच्या रंगाच्या भिंती, तपकिरी फाटक, उजवीकडे बैठकीची खोली. बाबा दोन गल्ल्या अलीकडे वळले होते. फाटक उघडंच होतं. आत गेले, सलाम केला, आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसले. खोलीत तीन माणसं होती. बाबांना वाटलं रबीआचे मित्र. त्या माणसांना वाटलं कुणी पाहुणे. आलेल्याला कोण, कुठले, कशाला आलात, असं विचारायचं नसतं. त्यांनी विचारलं नाही. आपल्या घरी आलेल्यांना बाबांनीही विचारलं नाही.

जेवणाचं ताट आलं. ते म्हणाले, घ्या. बाबा म्हणाले, आधी तुम्ही. मटणाचा चांगला तुकडा बाबांनी घरधन्याच्या पुढे सारला. त्याने बाबांच्या पुढे सारला. बाबांनी आग्रह करून करून त्याला त्याच्याच घरात दुसऱ्यांदा भात वाढला. दोन तास दोन्ही बाजू एकमेकांचं आदरातिथ्य करत होत्या.

रबीआ पोचला तेव्हा बाबा उठेनात. म्हणाले, घरात पाहुणे बसलेत आणि मी कुठे जाऊ? घरधनी बाबांच्याच वयाचा. दूर वाळवंटातल्या लिवाच्या बाजूचा आहे, त्यालाही इथे येऊन महिनाच झालाय. तो रबीआला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बसू दे त्यांना. घर त्यांचंच आहे."

तेव्हा बाबांना कळलं. खिडकीकडे पाहिलं म्हणे, मग गादीकडे. उठले, त्या माणसाच्या कपाळाला ओठ लावले आणि गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर बाबांनी आईला विचारलं, तुला कसं ओळखू येतं. आई म्हणाली, मला येत नाही, म्हणून मी बाहेर पडत नाही.

यावर उपाय आहे. फाटकाला निळा रंग द्यायचा. रंग बदलायला वसाहतीच्या ऑफिसची परवानगी लागते. सहज मिळेल, मी तिथल्या साहेबांना एका फलकाच्या कामात भेटलेय. बाबांना म्हटलं, काळजी करू नका, मी आत्ताच अर्ज लिहायला घेते.

बाबांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. मग म्हणाले, "पोरी, आता तू काही लिहू नकोस."

त्यांना अर्जच म्हणायचं असावं.